पहिल्या पाळीचं निमंत्रण

आज बेळगावात, टिळकवाडीत आमच्या इथल्या स्टार्टअपवाल्या पोरांच्या बैठकीत पहिल्यांदा उभं राहून बोललो. छान वाटलं, खरंच!

माझं काम फाउंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, वाळूचं. साच्याच्या वाळूत ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो. जास्त झाला की वाफ धातूत अडकते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (पोकळ खळगे) पडतात. तो ओलावा जागेवरच मोजणारं यंत्र मी बनवतोय.

बोलणं संपलं तसे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले एक जुने फाउंड्रीवाले काका पुढे आले. पिशवीतून रिजेक्ट झालेला पंपाचा तुकडा काढला आणि आतल्या गुळगुळीत खळग्यावर माझं बोट ठेवलं. "हे मशीनिंग केल्यावर दिसतंय बघा. तोवर सगळा खर्च होऊन गेलेला असतोय. सोमवारी पहिल्या पाळीला या, वाळूच्या मिक्सरपाशीच तुमचं यंत्र लावून बघूया."

असा माणूस मला बेंगळुरूत कुठे भेटणार? 'स्टार्टअप करायचं तर तिकडे जा' हे ऐकून कान किटलेत. अहो, माझं गिऱ्हाईक इथे आहे! व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय १९९८पासून आपल्या गावात, तरी शिकलेली पोरं पुण्या-बेंगळुरूची गाडी धरतात. याचं मनापासून वाईट वाटतं.

स्टार्टअपसाठीच्या कर्नाटक सरकारच्या 'एलिव्हेट' योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. त्याचा अर्ज भरायला एक कन्नड मित्र माझ्याबरोबर बसणार आहे.

खानापूर, निपाणीकडचं कोणी काही बनवत असेल तर पुढच्या बैठकीला जरूर या. अर्धवट असलं तरी वस्तू घेऊनच या.