माफुशीचं डायव्हिंग: मनगटावर सबमरीनर की कॅसिओ?

मुंबईहून मालदीवची राजधानी माले, तिथून स्पीडबोटीने पाऊण तासात माफुशी बेट, आणि डायव्हिंग कांडूमा थिला, गुराइधू कॉर्नर या दक्षिण माले ॲटॉलमधल्या (प्रवाळ बेटांच्या समूहातल्या) जागांवर. सोबत दोन घड्याळं होती: रोलेक्स सबमरीनर १२४०६० (तारीख नसलेलं) आणि कॅसिओ एई-१२००. एकाची किंमत लाखांत, दुसऱ्याची काही हजारांत.

सबमरीनर नेणार असाल तर काम मुंबई विमानतळावरच सुरू होतं. निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. बिल आणि सिरियल नंबर हाताशी ठेवा. नाहीतर परतताना घड्याळ आधीपासून तुमचंच होतं हे पटवून द्यायची जबाबदारी तुमच्यावर येते. कॅसिओला ही भानगड नाही.

मालेची वेळ आपल्यापेक्षा ३० मिनिटं मागे. कॅसिओवर होम सिटी केएचआय म्हणजे कराची ठेवा (वेळ मालेचीच, यूटीसी +५), डीएसटी (उन्हाळी वेळ) बंद करा आणि वर्ल्ड टाइमला डीईएल म्हणजे दिल्ली लावा. घरी फोन करायची वेळ लगेच कळते. अलार्म होम सिटीच्या वेळेवर वाजतात, म्हणून होम सिटी बदलणं महत्त्वाचं. जीएमटी घड्याळ (दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा जादा तासकाटा असलेलं) घ्यायचा विचार असेल तर इथे त्याचा उपयोग अर्धाच: मिनिटकाटा दोन्ही वेळांना एकच असतो, त्यामुळे अर्ध्या तासाचा फरक डोक्यातच धरावा लागतो. काही रिसॉर्ट आपली घड्याळं मालेच्या एक तास पुढे ठेवतात. बोटीची वेळ ‘मालेची की बेटाची’ हे विचारून घ्या.

सबमरीनरची वेळ खोलीतच, कोरड्या हातांनी लावा. क्राउन (बाजूची वेळ लावायची घुंडी) उलटा फिरवून सोडवा, बाहेर ओढा, सेकंदकाटा थांबेल. काटे मागे घ्या, क्राउन दाबून पुन्हा घट्ट आवळा. क्राउनवरच्या मुकुटाच्या चिन्हाखाली तीन ठिपके आहेत, ती ट्रिपलॉकची (रोलेक्सच्या पाणी अडवणाऱ्या क्राउनची) खूण. घड्याळात पाणी शिरतं ते बहुधा असा क्राउन अर्धवट आवळल्यामुळे किंवा गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) जुनी झाल्यामुळे, खोलीमुळे नाही. निघण्याआधी सर्व्हिस सेंटरमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या.

पाण्याखाली सबमरीनर खरंच सुंदर काम करतं. उतरताना बेझलचा (डायलभोवतीच्या फिरत्या कड्याचा) त्रिकोण मिनिटकाट्यावर आणा. पुढे किती मिनिटं झाली ते थेट वाचता येतं. बेझल एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे धक्का लागला तरी वेळ जास्तच दिसते, कमी नाही. खाली वेटसूट दाबला जाऊन पट्टा सैल होतो. पट्ट्याच्या बक्कलमधल्या ग्लाइडलॉकने तो २-२ मिलिमीटरने कमीजास्त करता येतो. तरीही खोली आणि नो-डेको वेळ (वर येताना मध्ये न थांबता किती वेळ खाली राहता येईल ते) सांगणार डाइव्ह कॉम्प्युटरच. मालदीवमध्ये हौशी डायव्हरना ३० मीटरची मर्यादा आहे, म्हणजे सबमरीनरचे ३०० मीटर तिथे वापरातच येत नाहीत.

कॅसिओवर १०० मीटर लिहिलंय, पण ते पोहणं-स्नॉर्केलिंगपुरतं धरा. स्कुबाला नेऊ नका आणि ओलं असताना बटणं दाबू नका. स्वस्तात पाण्याखाली काही हवंच असेल तर कॅसिओ ड्युरो बघा: २०० मीटर, स्क्रू क्राउन, फिरता बेझल. बोटीवर पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर एई-१२०० चा डिस्प्ले एका कोनात काळा दिसतो. मनगट थोडं वळवा.

एकच न्यायचं असेल तर आमचं मत कॅसिओ आणि सोबत डाइव्ह कॉम्प्युटर. सबमरीनर घरात आहेच, तर घेऊन जा, पण डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बेझल फिरवत धुवा. मीठ-वाळू अडकली की तो जड फिरू लागतो.

परतीच्या विमानासाठी मात्र कॅसिओच कामाचं. रोज डाइव्ह झाल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास उड्डाण नको. कॅसिओचा काउंटडाउन टायमर २४ तासांपर्यंत चालतो. बोटीवर येऊन हात कोरडे केले की १८ तास लावून टाका. दुपारी २ ला वर आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी ८ च्या आधीचं तिकीट काढू नका.