डोळे मिटल्यावर उजवा हात

मंगळवार, रात्री

आज कर्वे रस्त्यावर व्यायामोपचाराला गेले असता फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला डोळे मिटायला सांगितले, माझा उजवा हात कोपरात एका ठरावीक कोनापर्यंत वाकवला, क्षणभर तसाच धरला आणि सरळ करून तोच कोन मला स्वतः साधायला लावला. मी अगदी नेमकी थांबले आहे अशी माझी खात्री होती. डोळे उघडून पाहिले, तर हात ठरल्या जागेच्या बराच अलीकडे होता. टेनिस एल्बोचे, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या अंगाचे, हे दुखणे चार महिन्यांत सवयीचे झाले आहे. परंतु आपला हात कुठे आहे हे आपल्यालाच कळू नये, या गोष्टीने मी दिवसभर अस्वस्थ आहे.

कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा जो उंचवटा बोटाला लागतो, तिथे मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा, म्हणजे त्यांना हाडाशी बांधणारा चिवट पट्टा, जोडलेली असते आणि टेनिस एल्बोमध्ये तिच्या तंतूंची झीज होते. रुंगे या जर्मन वैद्याने १८७३ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले ते लिहिणाऱ्यांच्या हातासंबंधी, हे वाचून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्यात वर्षे घालवलेल्या मला नवल वाटले नाही. त्यात रोज कोथरूडहून पेठेत स्कूटरने जाताना मनगट मागे ताणून ॲक्सिलरेटर पिळणे आहेच.

स्नायूंमध्ये आणि कंडरांमध्ये ताण ओळखणारी सूक्ष्म ग्राहके असतात. त्यांच्या संदेशांवरून मेंदूला न पाहताही अवयवाची जागा समजते. शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या जाणिवेला १९०६ मध्ये शास्त्रीय नाव दिले. टेनिस एल्बो झालेल्यांमध्ये ती बोथटलेली आढळते. त्याहून विचारात पाडणारी गोष्ट ताईंनी सांगितली: एकाच कोपराचे दुखणे असले तरी दोन्ही हातांची प्रतिसादाची गती मंदावते आणि न दुखणारा कोपरही दाबाला अधिक हळवा होतो. म्हणजे बिघाड केवळ कंडरेत राहत नाही. दीर्घकाळच्या वेदनेने मज्जासंस्थेचे संवेदना जोखण्याचे मापच बदलते. परवा डाव्या कोपराला दाराची कड जेमतेम लागली, तरी कळ आली होती. तो मनाचा खेळ नव्हता, हे समजल्याने मला फार बरे वाटले.

शरीराने परस्पर केलेल्या तडजोडीही आता ध्यानात येत आहेत. वस्तू पकडताना माझे मनगट पूर्वीसारखे मागे झुकत नाही. गेल्या महिन्यात आईने विचारले होते, "अगं, तांब्या हल्ली दोन्ही हातांनी का धरतेस?" मी असे काही करते, हेच मला तोवर ठाऊक नव्हते.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने लवकर आराम पडतो, मात्र वर्षभरानंतरची स्थिती ते न घेतलेल्यांपेक्षा वाईट असू शकते. म्हणून मी ते टाळले आहे. त्याऐवजी हलके वजन सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करायचा आणि त्याच्या जोडीला डोळे मिटून कोन साधायचा.

जेवणानंतर कंपासपेटीतला कोनमापक काढला आणि आईला शेजारी बसवले. पहिल्या दोन्ही खेपांना हात अलीकडेच थांबला. तिसऱ्या खेपेला मी थांबले, तेव्हा आई म्हणाली, "अजून जरासा."