वसंतातलं स्वित्झर्लंड : आधी उंची बघा, मग गाव ठरवा

एप्रिल-मेच्या सुट्टीत स्वित्झर्लंड म्हटलं की यादीत हमखास तीच नावं येतात: झरमॅट, वेंगन, म्युरेन. गावं सुंदर आहेत, वाद नाही. पण नेमके हेच दोन महिने त्यांच्या विश्रांतीचे. स्कीइंगचा हंगाम बहुतेक ठिकाणी ईस्टरच्या आसपास आटोपतो आणि डोंगरवाटा जूनमध्ये मोकळ्या होतात. मधल्या काळात केबलकारचे दोर, चाकं, ब्रेक तपासायला घेतात आणि खालच्या स्टेशनवर 'रेव्हिजन' अशी पाटी लागते. वरच्या गावांतली निम्मी हॉटेलं, खाणावळी मालकासकट सुट्टीवर जातात. ग्रिमझेल, फुर्का, झूस्टन हे घाट मेअखेर ते जूनपर्यंत बर्फाखाली असतात. वेंगन आहे १२७४ मीटरवर आणि म्युरेन १६३८ मीटरवर. एप्रिलमध्ये तिथे बर्फ धड असतोही, धड नसतोही. उरतो तो चिखल आणि पिवळं पडलेलं गवत.

या देशात वसंत पायथ्यापासून डोंगर चढत जातो. सगळ्यात खाली, १९३ मीटरवर, दक्षिणेतलं लागो माजोरे सरोवर. तिथे मार्चमध्येच कॅमेलिया फुललेला असतो. मोठ्या सरोवरांच्या काठी चेरी-सफरचंदाचा बहर एप्रिलमध्ये येतो. हजार मीटरच्या आसपासच्या कुरणांत पांढरी नर्गिसं मेच्या मध्याला. म्हणून माझा नियम साधा आहे: मुक्काम ७०० मीटरच्या खाली, सरोवराकाठी, आणि एका गावात किमान चार रात्री. डोंगर रोज समोर दिसतोच. ज्या दिवशी आभाळ मोकळं, त्या दिवशी वर जायचं.

बारा रात्रींसाठी मी तीन गावं घेईन: श्पीत्स, व्हेवे आणि लोकार्नो. तीन सरोवरं, आणि भाषाही तीन. श्पीत्समध्ये 'ग्र्युएसेख', व्हेवेत 'बोंज्यूर', लोकार्नोत 'बुओंजोर्नो'. दुकानात शिरताना तेवढं म्हटलं की पुढचं बोलणं सोपं जातं. मेमध्ये जाणार असाल तर हाच क्रम ठेवा. मार्चअखेरीला किंवा एप्रिलच्या सुरुवातीला निघणार असाल तर उलटा धरा, कारण आल्प्सच्या दक्षिणेला ऊन लवकर येतं आणि तुमच्या बारा दिवसांत उत्तरेकडचा बहर पुढे सरकलेला असतो.

श्पीत्स आणि इंटरलाकेन यांत मी श्पीत्स घेतो. थुन सरोवराकाठचं हे गाव रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. बर्न अर्ध्या तासावर, इंटरलाकेन साधारण वीस मिनिटांवर, कांडरश्टेगही अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. लोक एका ठिकाणी हमखास फसतात. स्टेशन ६२८ मीटरवर, तर पाणी ५५८ मीटरवर. बुकिंगच्या पानावर 'स्टेशनपासून ८०० मीटर' असं दिसतं, पण त्यात सत्तर मीटरचा उतार लपलेला असतो. जाताना बॅग आपणहून पळते. निघायच्या सकाळी मात्र ती चढावर ओढावी लागते. जड सामान किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर स्टेशनच्या पातळीवरच खोली घ्या, नाहीतर बसथांब्याला लागून.

खाली मळ्यांच्या कुशीत किल्ला, त्याला लागून हजारेक वर्षांचं चर्च, आणि तिथून फाउलेनझे गावापर्यंत अगदी पाण्याच्या कडेनं सपाट पायवाट. पाऊण-एक तासाची, बाबागाडीसुद्धा जाते. परतीला बस किंवा बोट. बोटींच्या फेऱ्या वसंतात उन्हाळ्यापेक्षा बऱ्याच कमी असतात, म्हणून आधी परतीची वेळ बघायची आणि मग चालायला लागायचं. १९०६ची 'ब्ल्यूमलिसाल्प' ही वाफेची बोट याच सरोवरातली. ती ठराविक दिवशी, ठराविक फेरीलाच निघते.

पावसाच्या दिवसासाठी थुन चांगलं. तिथल्या जुन्या पेठेत दुकानांच्या छपरांवरूनच फूटपाथ जातो, म्हणजे एका रस्त्यावर दुकानांच्या दोन ओळी, एकीच्या डोक्यावर दुसरी. लाउटरब्रुनेनलाही ढगाळ दिवशी जाता येतं. श्टाउबबाख धबधबा जवळजवळ ३०० मीटरचा, आणि मेमध्ये बर्फ वितळायला लागल्यावर तो खरा भरतो. डोंगराच्या पोटातले ट्र्युमेलबाख धबधबेही तिथून जवळच. आयगर, म्योंख, युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी तिथे कातळातून घुमत खाली येतं. तिथे चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. लहान मूल असेल तर आधीच आईबाबांनी पाळी ठरवून घ्यावी.

युंगफ्राउयोखची रेल्वे बाराही महिने चालते. पण ३४५४ मीटरवरचं तिकीट घरून निघण्याआधी तारखेसकट काढून ठेवणं म्हणजे जुगार. श्पीत्समध्ये चार रात्री आहेत त्या याचसाठी. सकाळी सातला वेबकॅम बघायचा. खाली धुकं आणि वर निळं आभाळ, असं वसंतात पुष्कळदा असतं. खिडकीतून बघून बेत रद्द करू नका. वेबकॅमवर पांढरा पडदाच दिसला तर त्या दिवशी थुन.

पायवाटांच्या पाट्यांचं एक गणित लक्षात ठेवा. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ती डोंगरवाट, आणि उत्तर उतारावर मेमध्येही तिच्यावर गोठलेला बर्फ सापडतो. साध्या बुटांनी तिकडे जाऊ नये. पाटीवरचा वेळ सपाटीला ताशी ४.२ किलोमीटर धरून काढलेला असतो, थांबे न मोजता. फोटो काढत चालणाऱ्या कुटुंबानं तो दीडपट धरावा.

श्पीत्सहून व्हेवेला जायला त्स्वायझिमेन–माँत्र्यो मार्ग घ्या. डिसेंबर २०२२पासून गोल्डनपास एक्स्प्रेस इंटरलाकेनहून थेट माँत्र्योला जाते. त्स्वायझिमेनला रूळ १४३५ मिलिमीटरवरून १००० मिलिमीटरवर येतात. गाडी हळूहळू पुढे सरकत असतानाच चाकांमधलं अंतर बदलतं, आणि प्रवासी जागेवरून हलतसुद्धा नाहीत. दिवसात फेऱ्या मोजक्याच. ती वेळ जमली नाही तर हळहळू नका. त्स्वायझिमेनला बदलून साध्या गाडीनं गेलं तरी खिडकीतलं दृश्य तेच आहे. एक खबरदारी घ्या: बर्नकडून येणाऱ्या काही गाड्या श्पीत्सला दोन तुकड्यांत विभागल्या जातात, एक तुकडा त्स्वायझिमेनला आणि दुसरा लोच्बेर्गच्या डोंगराकडे. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. प्लॅटफॉर्मवरची ए, बी, सी, डी अक्षरं शोभेला नसतात, कोणता डबा कुठे थांबणार ते त्यांवरून कळतं.

व्हेवेत हॉटेलमध्ये नोंद झाली की माँत्र्यो रिव्हिएरा कार्ड मिळतं आणि त्या भागातल्या बस फुकट होतात. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सरोवराकाठच्या मोठ्या चौकात बाजार भरतो. मुक्कामाच्या चार रात्रींत यातला एक दिवस येईल असं बघा. एप्रिलमध्ये तिथे अस्परॅगसच्या पांढऱ्या जुड्या असतात, बोटाएवढ्या जाड. त्यांचं साल शेंड्यापासून खाली सोलायचं आणि बुडखा दोन बोटं कापून टाकायचा, नाहीतर उसासारखे तंतू दातात अडकतात. त्याच सुमाराला ओलसर रानात जंगली लसणाचा वास दरवळतो. त्याची पानं बाजारातूनच घ्या, स्वतः खुडायला जाऊ नका. लिली ऑफ द व्हॅलीची पानं हुबेहूब तशीच दिसतात आणि ती विषारी आहेत.

लाव्होचे द्राक्षमळे (२००७पासून जागतिक वारसा) व्हेवेच्या पश्चिमेला सुरू होतात. शेब्रपर्यंत गाडीनं वर जायचं आणि सँ-साफोरँकडे मळ्यांच्या बांधांवरून उतरायचं. उलट दिशेनं तीच वाट घाम काढते. एप्रिलमध्ये वेली जवळजवळ उघड्याच असतात हे माहीत असू द्या. हिरवे मळे पाहायचे तर मेअखेर. ट्यूलिप हवे असतील तर मोर्जच्या सरोवराकाठच्या बागेत एप्रिलपासून मेच्या सुरुवातीपर्यंत दरवर्षी ट्यूलिपचा उत्सव असतो, तोही फुकट. मेच्या मध्याला ले झाव्हाँ किंवा ले प्लेयादच्या कुरणांत नर्गिसं फुलतात. त्यांना तिथे 'मेमधला बर्फ' म्हणतात. कुरणात पाय मात्र ठेवू नये. ते गवत म्हणजे शेतकऱ्याचा हिवाळ्याचा चारा, आणि तुडवलेलं गवत नीट कापता येत नाही.

मेमधला खराखुरा बर्फही कधी कधी येतो. ११ ते १५ मे या दिवसांना जर्मन भागात 'आइसहायलिगे', म्हणजे बर्फाचे संत, म्हणतात. दहिवराच्या भीतीनं अनेक लोक तोवर टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. दिवसा १८ अंश आणि पहाटे तीन, असा फरक सहज पडतो. एकच जाड जाकीट नेण्यापेक्षा पातळ लोकरी बनियन, स्वेटर आणि वारा-पाऊस अडवणारं वरचं जाकीट असे तीन थर न्या.

व्हेवेहून लोकार्नोला जायला ब्रिग, सिंप्लॉन बोगदा, डोमोदोस्सोला आणि पुढे चेंतोव्हाल्ली ही मीटरगेज. डोमोदोस्सोला इटलीत आहे, तेव्हा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. तिथे या छोट्या गाडीचे फलाट मुख्य स्टेशनच्या खाली तळघरात आहेत. पाटी न बघता लोक बाहेरच्या चौकात शोधत फिरतात आणि गाडी सुटते. पुढच्या ५२ किलोमीटरमध्ये ८३ पूल आणि ३१ बोगदे. पोटात ढवळणाऱ्यांनी आधी पोटभर जेवू नये.

लोकार्नो ज्या तिचीनो कँटनमध्ये (म्हणजे प्रांतात) आहे, तिथे हॉटेलात किंवा कँपिंगमध्ये राहिलात तर तिचीनो तिकीट मिळतं आणि मुक्कामापुरती त्या कँटनमधली सार्वजनिक वाहनं फुकट होतात. हीच खरी सोय, कारण इथे रोज कुठेतरी जावंसं वाटतं: शनिवारी बेल्लिन्झोनाचा बाजार आणि तीन किल्ले, एक दिवस ब्रिसागोच्या बेटावरची वनस्पतींची बाग, एक दिवस व्हेर्झास्का खोरं. लाव्हेर्तेत्सोच्या दोन कमानींच्या पुलाखालचं पाणी पाचूसारखं दिसतं, पण ते नुकतंच वितळलेलं बर्फ आहे. कातळ गुळगुळीत आणि प्रवाह खालून ओढणारा. वसंतात पाय बुडवण्यापलीकडे जाऊ नये.

तारखा ठरवताना ईस्टर बघाच. ईस्टरच्या रविवारनंतर ३९ दिवसांनी येणारा गुरुवार सुट्टीचा असतो. लोक शुक्रवारही जोडून घेतात आणि अर्धा जर्मन भाग गोट्टहार्डच्या बोगद्यांतून तिचीनोत उतरतो. २०२७मध्ये हा गुरुवार ६ मे रोजी आहे आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार १७ मे रोजी. त्या दिवसांत लोकार्नोत खोली मागू नका. तेव्हा श्पीत्समध्ये राहा.

पासचा हिशोब. स्विस ट्रॅव्हल पास फायद्याचा ठरतो तो रोज लांब हिंडणाऱ्याला. या बेतात लांब प्रवासाचे दिवस चारच, डोंगराचे दोन-तीन, बाकीचं पाहुण्यांच्या कार्डात भागतं. अशा वेळी महिनाभराचं हाफ फेअर कार्ड (त्यावर तिकिटं निम्म्या भाड्यात मिळतात) बहुधा स्वस्त पडतं. एसबीबी या स्विस रेल्वेच्या ॲपमध्ये प्रत्येक लांब फेरीचं पूर्ण भाडं बघा, बेरीज करा, निम्मी करा, त्यात कार्डाची किंमत मिळवा आणि पासच्या किमतीशेजारी लिहा. पासमध्ये माँत्र्योजवळच्या शियोंच्या किल्ल्यासारखी संग्रहालयं येतात, तेही धरा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि चौघांच्या कुटुंबाला त्यात मोठा फरक पडतो.

जेवणाचं बोलायचं तर स्वयंपाकघर असलेलं बिऱ्हाड घ्या. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर मात्र नेऊ नका. शेगडी इंडक्शनची निघाली तर तो तापतच नाही. स्टीलच्या बुडाचा छोटा न्या. डाळ, तांदूळ, मसाले चालतात. तूप, पेढे, खवा चालत नाहीत, कारण भारतातून दुधाचे पदार्थ आत न्यायला बंदी आहे. आणि हापूसची पेटी! मोसम तोच, नातेवाइकांचा आग्रहही तोच, पण वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ताजा आंबा कस्टमला जप्त होतो. कढीपत्त्याचंही तसंच. तो तिथल्या श्रीलंकन तमिळ दुकानांत मिळतो, बऱ्याच लहान शहरांतही असं एखादं दुकान सापडतं. शाकाहाऱ्यांनी सूप आणि किसून परतलेल्या बटाट्याच्या र्‍योश्टीबद्दल विचारून घ्यावं: सूपचं पाणी बहुधा गोमांसाचं, र्‍योश्टीत डुकराच्या मांसाचे तुकडे.

रविवारी दुकानं बंद. शनिवारीही गावात संध्याकाळी पाचच्या सुमाराला शटर खाली यायला लागतं. दूध-ब्रेड त्याआधी घ्या, नाहीतर मोठ्या स्टेशनातलं दुकान गाठावं लागतं. लहान हॉटेलचं स्वागतकक्षही लवकर बंद होतं. उशिरा पोचणार असाल तर किल्लीच्या पेटीचा कोड आदल्या दिवशी मागून ठेवा. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. मोबाइलची बारीक दोन पिनांची बसते.

परतीला लोकार्नोहून झ्युरिचला दोन वाटा आहेत. २०१६मध्ये सुरू झालेल्या गोट्टहार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून लवकर पोचता येतं, पण काळोखातून. विमान संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी असेल तर जुन्या डोंगरमार्गानं जाणारी गाडी घ्या, तासभर जास्त जातो. लोकार्नोला ताडाची झाडं मागे पडतात. ११४१ मीटरवरच्या आयरोलोला एप्रिलमध्ये रुळांच्या बाजूला बर्फाचे मळकट ढीग असतात. जुन्या बोगद्यापलीकडे ग्योशेनेनलाही तेच. मग गाडी वळसे घेत उतरते आणि वासेनचं पांढरं चर्च तीनदा दिसतं: आधी खाली, मग समोर, मग डोक्यावर. तिसऱ्यांदा दिसून ते मागे गेलं की थोड्याच वेळात खालच्या खोऱ्यातली फुललेली झाडं खिडकीशी येतात.