सॅम्पलर गोधडी: ‘फ्लाइंग गीझ’ झाले, आता लेबल

माझ्या सॅम्पलर गोधडीतली (हिचा प्रत्येक भाग वेगळ्या नमुन्याचा) ‘फ्लाइंग गीझ’ची, म्हणजे उडत्या हंसांसारख्या त्रिकोणांची, ओळ एकदाची जोडून झाली. शिवून झाल्यावर एक हंस 3 × 6 इंच भरायला हवा. म्हणून निळ्या खादीचा साडेतीन × साडेसहा इंचांचा आयत आणि त्याच्या दोन टोकांना पांढऱ्या मांजरपाटाचे साडेतीन इंची चौकोन. चौकोनावर कर्णाची रेघ मारायची, पण टीप रेघेवर टाकायची नाही. जो कोपरा कापला जाणार, त्या अंगाला दोराभर सरकून टाकायची. घडीत तेवढं कापड जातं, नाहीतर इस्त्रीनंतर कोपरा आखूड पडतो. चोचीवर, म्हणजे त्रिकोणाच्या टोकावर, पाव इंच राखलेलं असलंच पाहिजे. नाहीतर ओळ जोडताना चोच शिवणीत गडप! खादी सैल विणीची, म्हणून कापण्याआधी खळ लावली होती. फार उपयोग झाला.

आता गोधडीला लावायच्या लेबलचं बघायचं. सॅम्पलर सुरू केला तो अमेरिकेतल्या गुलामांच्या ‘सांकेतिक गोधड्यां’चा म्हणून. ‘मंकी रेंच’ नमुना म्हणजे अवजारं जमवा, ‘बेअर्स पॉ’ म्हणजे अस्वलांची वाट धरा, असं बरंच काही. गोधडी कुंपणावर टाकायची, पळून जाणाऱ्या गुलामाने ओळखायचं. गोष्ट झकास आहे, पण ही अख्खी संकेतमाला उभी आहे ती 1999च्या ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ या पुस्तकावर, आणि ते पुस्तक चार्ल्सटनच्या बाजारात गोधड्या विकणाऱ्या ओझेला मॅकडॅनियल विल्यम्स यांनी सांगितलेल्या घरच्या आठवणीवर. फिलाडेल्फियाच्या विल्यम स्टिल यांनी पळून आलेल्या शेकडो जणांच्या हकिगती टिपून 1872मध्ये छापल्या. 1936 ते 38मध्ये गुलामीतून सुटलेल्या 2,300हून अधिक वृद्धांच्या मुलाखती झाल्या. ही संकेतमाला दोन्हीकडे नाही. यादीतली ‘डबल वेडिंग रिंग’ तर 1920च्या दशकानंतर गाजलेली. ती मी सरळ वगळली.

तेव्हा लेबलवर फक्त नमुन्यांची नावं येतील, ‘गुप्त संदेश’ नाही. मधला चौकोन मात्र हॅरिएट पॉवर्सचा. जॉर्जियात 1837 साली गुलामीत जन्मलेली ही बाई. तिची बायबलच्या प्रसंगांची गोधडी 1886 साली जॉर्जियातल्याच अथेन्सच्या कापूस जत्रेत मांडली होती. पुढे पैशांची ओढाताण झाली तेव्हा तिने 10 डॉलर मागितले, हातात पडले 5. देताना तिने एकेक चौकट समजावून सांगितली आणि विकत घेणाऱ्या जेनी स्मिथ यांनी ते लिहून ठेवलं. ती गोधडी आज स्मिथसोनियनमध्ये आहे. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या दुसऱ्या गोधडीत तिने नोव्हेंबर 1833चा उल्कावर्षाव शिवलाय, स्वतःच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा!

तोच प्रसंग घेतेय. तारे कापून झालेत. आतल्या खाचांना कात्री दिली की खादीचे धागे सुटतात. इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंग लावायचं की कडा दुमडून हातानेच बारीक टाके घालायचे? कुणी खादीवर ॲप्लिके (वरून कापड जोडून नक्षी) केलं असेल तर सांगा.