खासगी तळ्याचा बांध आणि खालची वाडी

कर्जत, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात फार्महाऊस प्लॉटच्या जाहिराती बघितल्या तर 'प्रायव्हेट लेक' हे हल्ली बऱ्याचदा दिसतं. मुंबईतला माणूस त्या फोटोवर लगेच भाळतो आणि त्यात त्याची काही चूक नाही, वर्षभर ट्रेन आणि ट्रॅफिकमध्ये काढल्यावर डोळ्यांना पाणी दिसलं की बरंच वाटतं. पण ते पाणी तिथे आपोआप थांबलेलं नसतं हो, कुणीतरी पोकलेन लावून नाल्यावर मातीचा बांध घातलेला असतो, म्हणजे सरळ सांगायचं तर ते एक छोटं खासगी धरण असतं. मी सिव्हिलवाली, मुलुंडला राहते, त्यामुळे प्लॉट घ्यायच्या आधी ओळखीचे लोक मला साइट बघायला घेऊन जातात, आणि अशाच एका ठिकाणी मी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

बांध साधारण आठ मीटर उंच असेल. वर मस्त पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, बाजूने झाडं लावलेली, बसायला बाक. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी जायची वाट, ती एका टोकाला होती आणि तिच्या तोंडावर कमरेएवढी विटांची भिंत बांधलेली. मी तिथल्या वॉचमन मामांना विचारलं हे कशाला, तर म्हणाले, "ताई, एप्रिल-मेपर्यंत पाणी टिकायला पायजे, गेस्ट येतात ना बोटिंगला." मग मी मागच्या बाजूने पायथ्याला उतरले. आजूबाजूचं सगळं गवत वाळून पिवळं पडलेलं आणि बांधाच्या पायथ्याशी, जिथून तळ्याचं पाणी सोडायचा पाइप बाहेर येतो तिथे, हिरवागार पट्टा, पाय ठेवला की चप्पल रुतत होती. मामा म्हणाले पावसाळ्यात इथून गढूळ पाणी येतं. आणि तिथून नाल्याच्या कडेने जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर ठाकरवाडी.

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सांगते. मातीच्या धरणातून थोडा पाझर असतोच, स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर त्यावर लक्ष ठेवायचं. पण पाणी गढूळ येतंय म्हणजे ते येताना आतली माती घेऊन येतंय, आत पोकळी तयार होतेय, आणि ती पोकळी मागे मागे सरकत तळ्यापर्यंत पोचली की बांध फुटायला काही तास पुरतात. हे बऱ्याचदा पाइपच्या बाजूने होतं कारण तिथे दाबाई नीट झालेली नसते. धरणाला गाभ्यात चिकण माती लागते, थराथराने पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, खाली पक्क्या थरापर्यंत चर खोदून भरावा लागतो. नुसता मुरूम ओतून वरून पोकलेन फिरवला की दिसायला बांध होतो, धरण होत नाही. झाडांचंही तेच, मुळं आत जातात, झाड मेलं की मुळांच्या जागी पाण्याला आयती नळी.

आता सांडव्याचा हिशोब. समजा वरच्या डोंगराचं १०० एकराचं पाणी त्या नाल्याला येतं. तासाभरात १०० मिमी पाऊस पडला तर चार कोटी लिटर होतात, आणि जुलैअखेर जमीन भिजून चिप्प झालेली असते तेव्हा त्यातलं बरंचसं वाहूनच येतं. आपल्या सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरा, असे चार हजार टँकर एका तासात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिमी पडला होता, तेव्हा असा पाऊस होतच नाही असं आपण मुंबईकरांनी तरी म्हणू नये. सांडवा अडवलेला असेल तर हे सगळं पाणी माथ्यावरून जाणार, आणि काँक्रीटचं धरण ते थोडा वेळ सोसतं, मातीचं नाही, माथ्यावरून पाणी पडायला लागलं की मागचा उतार कापत जातं.

हे नवीन नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क धरण पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या एका क्लबकडे होतं, मासेमारी आणि मौजेसाठी. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या, बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला, तळाचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते ते परत बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला ते फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसं गेली. केनियात सोलाई इथे ९ मे २०१८ च्या रात्री एका खासगी मळ्याचं मातीचं धरण फुटलं, चाळीसच्या वर माणसं गेली. आणि आपलं तिवरे, चिपळूण तालुक्यातलं, २ जुलै २०१९ ची रात्र. ते तर सरकारी होतं, गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, तरी वाडी वाहून गेली आणि नंतर मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. जिथे तक्रार करायला ऑफिस आहे तिथे ही गत, मग खासगी तळ्याचं गाऱ्हाणं वाडीतल्या माणसाने न्यायचं कुठे?

कारण २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना लागतो, १० ते १५ मध्ये असेल तर लांबी, साठा वगैरेपैकी एक तरी अट बसली तरच. त्यात चांगल्या गोष्टी आहेत, मालक खासगी असला तरी जबाबदारी त्याची, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक. पण आठ मीटरचा बांध त्यात येतच नाही. मला हे पटत नाही. उंचीवरून धोका ठरवणं अर्धवट आहे, खाली कोण झोपतं ते आधी बघायला पाहिजे. खाली नुसतं रान असेल तर आठ मीटर चालून जाईल, ठाकरवाडी असेल तर पाच मीटरचाही बांध तपासलाच पाहिजे आणि तो तालुक्याच्या यादीत असला पाहिजे.

तोपर्यंत प्लॉट घेणाऱ्यांनी तरी एवढं करा. बिल्डरकडे बांधाचं डिझाइन मागा, सांडवा किती पाण्यासाठी धरलाय ते लेखी घ्या, आणि मे महिन्यात स्वतः मागच्या पायथ्याला उतरून बघा, व्ह्यू पॉइंटवरून काही कळत नाही. मी माझ्या ओळखीच्यांना तो प्लॉट घेऊ नका म्हणून सांगितलं आणि त्यांनी नाही घेतला, पण त्याने वाडीचं काय झालं? म्हणून फोटो आणि दोन पानी पत्र ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना दिलंय, त्यात पहिली मागणी एकच आहे, सांडव्यावरची ती भिंत पाऊस लागायच्या आत पाडा. पोच मिळाली आहे, पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे.