तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीखालच्या कॉम्प्युटरला एवढी साधी रॅम का?

घरी सिनेमा बघायला येणारा, कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणारा प्रत्येक जण टीव्हीखालच्या कॅबिनेटमध्ये डोकावतो आणि हेच विचारतो: "एवढ्या हौसेनं बांधलाय, मग रॅम ही असली का?" असली म्हणजे डीडीआर४ च्या, ४ जीबीच्या दोन हिरव्या पट्ट्या, २४०० च्या वेगावर चालणाऱ्या. ना हीटस्प्रेडर (उष्णता पसरवणारं धातूचं कवच), ना दिवे. आजवर मी "पुरते की" म्हणून विषय बदलत आले. हे उत्तर खोटं नाही, अर्धवट आहे.

आधी खरा अर्धा भाग. ज्या कोडीवर, म्हणजे सिनेमे लावायच्या सॉफ्टवेअरवर, माझा सगळा डोलारा उभा आहे, ते मूळचं पहिल्या एक्सबॉक्सवरचं. त्या खोक्यात ६४ एमबी मेमरी होती. आजचा हिशोब मोठा आहे, कबूल. फोरकेची एक १०-बिट फ्रेम उलगडली की साधारण २५ एमबी जागा घेते. फ्रेम उलगडणाऱ्या डिकोडरनं अशा सोळा हाताशी धरल्या तरी झाले ४०० एमबी. लिनक्स, कोडी आणि बफर धरूनही माझं मशीन निम्म्या मेमरीपर्यंत जात नाही. वेगाचंही तेच. दोन चॅनलवर (दर पट्टीला आपली वाट) २४०० म्हणजे सेकंदाला ३८.४ जीबीची वाट. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा त्यातून ६०० एमबी लिहिणार, मग तेच दोन-चारदा वाचणार. उरलेली वाट मोकळीच. पट्ट्या मात्र दोनच हव्यात, यावर मी भांडेन. ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरच्याच पोटात आहे, त्याला स्वतःची मेमरी नाही; ८ ची एकच पट्टी लावून निम्मी वाट बुजवायची कशाला?

हे सगळं मला पहिल्यांदा रॅम घेतानाही ठाऊक होतं. तरी मी ३२०० ची १६ जीबीची जोडी घेतली, उंच हीटस्प्रेडरवाली. बुटका कूलर त्यावर अडला, मग हीटस्प्रेडर उचकटून काढले. (हे वॉरंटीवाल्याला सांगायचं नसतं.) माझ्या आय३-८१०० प्रोसेसरला इंटेलनं सांगितलेली रॅमच्या वेगाची मर्यादा २४००. पण मदरबोर्ड झेड३७० चा, म्हणजे मर्यादेपलीकडे जाऊ देणारा; बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पाकिटावरच्या जास्त वेगानं चालवायचं सेटिंग) दिसलं, चालू केलं, ३२०० आकडा आला आणि मी खूश. "चालतंय ना? मग झालं," असं मी तेव्हा सगळ्यांना ठणकावून सांगायचे. आणि चालत होतंच. एकदाही हँग नाही, एकदाही स्क्रीन निळी-काळी नाही.

त्याच मशीनमधून मी जुन्या डिस्कवरचं घरचं चित्रण नव्या डिस्कवर उतरवलं. त्यात आजीची एक फाइल होती. हँडीकॅमची टेप बुरशीनं गेली होती, त्याआधी कुणीतरी ती एमपेग-२ मध्ये करून ठेवलेली. चाळीस मिनिटं आजी पलंगावर बसून बाबांच्या लहानपणीच्या खोड्या सांगतेय. कॉपी झाली, मी सुरुवातीचं मिनिटभर बघितलं, जुनी डिस्क फॉरमॅट करून देऊन टाकली.

काही महिन्यांनी सगळे जमले तेव्हा ती लावली. चौदाव्या मिनिटाला आजीच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन आले आणि आवाज तुटला. अर्धाच सेकंद, पण नेमका तिनं बाबांना ज्या नावानं हाक मारली त्या शब्दावर. पुढे आणखी चार ठिकाणी तसंच. मी म्हटलं, केबल. केबल बदलली. मग ड्रायव्हर, मग डिकोडर, मग टीव्हीचं सेटिंग. आठवडाभर मी रॅम सोडून सगळ्यांवर आळ घेतला. शेवटी लक्षात आलं की चौकोन दर वेळी त्याच सेकंदाला येतात. वाजवण्यात गडबड असती तर जागा बदलली असती. फाइल लॅपटॉपवर लावली. तोच सेकंद, तेच चौकोन. म्हणजे बिघाड फाइलमध्येच, आणि चांगली प्रत मी स्वतःच्या हातानं पुसलेली.

रात्री मेमटेस्ट ८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपले. पहिली फेरी स्वच्छ. सकाळी बघते तर दुसऱ्या फेरीत लाल ओळी, म्हणजे चुका, मोजून सहा. एक्सएमपी बंद करून पुन्हा लावलं. दोन दिवस चाललं, एकही चूक नाही. कॉपी करताना प्रत्येक बाइट रॅममधून जातो, आणि त्यातला एखादा बिट वाटेत उलटला तर कुणी हाक मारून सांगत नाही. मशीन चालतंय याचा अर्थ मशीन बरोबर चालतंय असा मी लावला होता.

आता तुमचे पुढचे प्रश्न. चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) का नाही ताडून बघितलास? बरोबर. तेवढं केलं असतं तर रॅम कितीही वेडीवाकडी असती तरी आजी वाचली असती. दोष ३२०० चा की न ताडता डिस्क पुसणाऱ्या बाईचा, हे मी रोज वेगळं ठरवते. मग ईसीसी, म्हणजे उलटलेला बिट ओळखून दुरुस्त करणारी रॅम, का नाही लावलीस? हा प्रश्न मला खरंच टोचतो. गंमत म्हणजे या आय३ ला ईसीसी चालते, पण मदरबोर्ड वर्कस्टेशनचा लागतो, आणि टीव्हीखाली ठेवायच्या डब्यासाठी तो खटाटोप मी केला नाही. म्हणजे माझ्या हिरव्या पट्ट्याही काही पवित्र नाहीत. त्या फक्त मर्यादेत चालतात आणि आता मी प्रत्येक कॉपीनंतर चेकसम बघते. यातलं नक्की काय मला वाचवतंय, सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट, जी मी कुणाला सांगत नाही, कारण त्यानं माझी बाजू ढिली पडते. ती ३२०० ची जोडी भावानं नेली. त्याच्या मशीनमध्ये ती ३२०० वरच लावलीय. मीच जाऊन दोन रात्री मेमटेस्ट चालवला. एकही लाल ओळ नाही.