तुम्ही विचारलंत म्हणून: भुयारी गाडी छतापासून का बांधायची

"लेगोत भुयारी रेल्वेची गाडी करायची आहे, सुरुवात कुठून करू?" नागपुरात हा प्रश्न आला की त्याच्या मागोमाग दुसराही येतोच: "आपली मेट्रो तर पुलावरून धावते, मग भुयारीच कशाला?" दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात बोगदा नाही. सीताबर्डीला तिच्या दोन मार्गिका दोन मजल्यांवरून एकमेकींना ओलांडतात, खापरीकडे ती जमिनीवर उतरते, पण जमिनीखाली कुठेच जात नाही. डबा २.९ मीटर रुंद, भिंती जवळजवळ सरळ, छतावर पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, आणि एसीची यंत्रं. आठ स्टडची (स्टड म्हणजे लेगोच्या तुकड्यावरचा गोल उंचवटा) पेटी नीट बांधली, वर यंत्रं मांडली की ओळख पटते. लंडनच्या खोल बोगद्यांतली गाडी, जिला तिथे ट्यूब म्हणतात, तशी नाही. तिथे आधी बोगदा खणला गेला आणि मग त्यात मावेल असा डबा बेतला गेला. १८६३ची मेट्रोपॉलिटन रेल्वे रस्ता उकरून, वर छत घालून केलेली होती, म्हणून तिथल्या गाड्या आजही उंच आहेत. १८९०मध्ये सिटी अँड साउथ लंडन रेल्वे उघडली ती मात्र खोलवर गोल नळ्या घालून. आज ती नॉर्दर्न लाइनचा भाग आहे. नंतर रुंद केलेल्या त्या नळीचा आतला व्यास साधारण ३.५६ मीटर, आणि त्यात धावणाऱ्या १९९५ स्टॉक नावाच्या गाडीचा डबा २.६३ मीटर रुंद, २.८८ मीटर उंच, १७.७७ मीटर लांब. डब्याचे खांदे आत वळलेले आहेत ते याच नळीमुळे. छतावर पेंटोग्राफही नाही, वीज खालच्या रुळांतून येते. म्हणजे छताची कमान चुकली तर ती झाकायला वर काहीच नसतं.

म्हणून माझं उत्तर ठाम आहे: सुरुवात तोंडापासून नको, आडव्या छेदापासून, म्हणजे डबा आडवा कापला तर दिसेल त्या आकारापासून करा. बहुतेक जण आधी ड्रायव्हरची केबिन करतात, कारण लाल तोंड बघायला सुंदर दिसतं. मग त्या तोंडामागे पेटीसारखा डबा जोडतात, आणि ती गाडी ट्यूब न राहता लाल तोंडाची लोकल होते.

छेद कागदावर काढायचा, पण आधी प्रमाण ठरवायचं. लेगोची मापं पाठ असू द्या: स्टड ते स्टड ८ मिमी, ब्रिकची, म्हणजे जाड विटेची, उंची ९.६, पातळ प्लेटची ३.२. या सगळ्या कामाचा कणा म्हणजे पाच प्लेटची उंची बरोबर दोन स्टडची रुंदी, दोन्ही १६ मिमी. सहा स्टड रुंदीची ट्यूब खेळण्यासारखी दिसते आणि रूळ तिच्या मानाने फारच रुंद वाटतात. आठ स्टड घेतले तर प्रमाण १:४१ येतं, ते चालतं, पण खांदा वळवायला जागा उरत नाही. मला पटलेली रचना मधली आहे. आतला गाभा सहा स्टडचा, आणि दोन्ही बाजूंना आडव्या, म्हणजे बाहेर तोंड केलेल्या, स्टडांवर बसवलेलं दोन-दोन प्लेट जाडीचं कवच. ४८ अधिक १२.८, एकूण ६०.८ मिमी. प्रमाण पडतं १:४३. या प्रमाणात डब्याची उंची रुळापासून ६७ मिमी म्हणजे २१ प्लेट, लांबी ४११ मिमी म्हणजे ५१ स्टडच्या वर. पन्नास घ्या, सम आकडा बांधायला सोपा जातो.

आता उंचीचा हिशोब, आणि इथे गणित आपल्या बाजूने आहे. रुळापासून कवचाच्या खालच्या कडेपर्यंत चार प्लेट मोकळ्या सोडा. सगळ्यात वर छताच्या दोन प्लेट. मध्ये उरल्या पंधरा. पंधरा प्लेट म्हणजे ४८ मिमी, म्हणजे नेमके सहा स्टड. म्हणून आडवं कवच वरखाली कुठेही फट न ठेवता बसतं. गाभ्यात तीन वेळा एकच थर द्यायचा: बाजूला स्टड असलेली ब्रिक, तिच्यावर दोन प्लेट. बाजूला चार स्टड असलेली १×४ ब्रिक, क्रमांक ३०४१४, पूर्ण रांगेत लावली तर डब्याला ७२ लागतात आणि टोकांना दोन स्टडवाल्या ११२११ सहा. पैसे वाचवायचे असतील तर एकाआड एक लावा, मध्ये साध्या ब्रिक घाला. कवच तरी पक्कं बसतं. दोन प्लेटऐवजी एक किंवा तीन घातल्या तर मात्र वरचं कवच खालच्याशी जुळणार नाही. फट दिसली की आधी हेच मोजा.

कवचाचे सहा स्टड खालून असे वाटा: पहिला निळा, दुसरा पांढरा, पुढचे दोन खिडकीचे, वरचे दोन खांद्याचे.

छताकडे या. कागदावर ३६ मिमी त्रिज्येची कमान काढा. डब्याच्या मध्यापासून ८ मिमीवर ती जेमतेम १ मिमी खाली येते, १६वर पावणेचार, २४वर नऊ, आणि ३०वर सोळाच्या वर. हे आकडे नीट पाहा. निम्म्याहून जास्त उतार शेवटच्या सात-आठ मिमीत आहे. म्हणूनच दोन्ही बाजूंना तीन स्टडचा वक्र तुकडा लावून केलेलं छत सपाट आणि निर्जीव वाटतं: तो तुकडा उतार सारखा वाटून टाकतो, ट्यूबला तो खांद्यापाशी एकवटलेला हवा.

म्हणून मधल्या दोन स्टडवर एक प्लेट आणि वर टाइल, म्हणजे स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट. दोन्ही बाजूंना २×२ वक्र तुकडा, क्रमांक १५०६८, पातळ कड बाहेर. त्याच्या खाली तोच तुकडा आडव्या स्टडांवर, पातळ कड वर. दोन पातळ कडा एकमेकींना भेटतात तिथे एक बारीक रेघ उरते. टेबलावरच्या दिव्याखाली, अंगावरून बोट फिरवलं तर ती कळते. दोन फुटांवरून ती छताची शिवण वाटते. खांदा कागदावरच्या कमानीपेक्षा जरा भरलेला येतो. तो खुपत असेल तर कवच अर्ध्या प्लेटने आत घेता येतं, पण मग तोंडही तेवढंच बारीक करावं लागतं. मी तो भरलेपणा ठेवतो.

एका डब्याला १५०६८ शंभर लागतात: वर पन्नास, खांद्यांवर पन्नास. गाडी तीन डब्यांची करा. ही काटकसर नाही, खऱ्या गाडीचा अर्धा भागच तेवढा आहे. सहा डब्यांची गाडी तीन-तीनच्या दोन भागांनी जोडलेली असते: एका टोकाला केबिनचा मोटर डबा, मध्ये मोटर नसलेला डबा, आणि तिसरा केबिन नसलेला मोटर डबा. तीन डब्यांना तीनशे तुकडे, त्यांतले ३४ लाल. कारण ट्यूबचं दार खांद्यासकट वळून छतात शिरतं, नाहीतर माणसाला वाकून आत जावं लागलं असतं. प्रत्येक बाजूला दोन दुहेरी दारं आणि टोकांना एकेरी. केबिनच्या डब्याला एकेरी एकच. दुहेरीला चार स्टड, एकेरीला दोन. या गाडीची दारं भिंतीच्या बाहेरून सरकतात, त्यामुळे ती किंचित पुढे आलेली दिसली तर उत्तम. ब्रॅकेटची, म्हणजे काटकोनात वळलेल्या तुकड्याची, पाटी अर्ध्या प्लेटची असते, तिच्यावर दार बसवलं की बेताचा उठाव मिळतो. पूर्ण प्लेट पुढे आणलं तर दार पेटीवर चिकटवल्यासारखं दिसेल.

खिडक्यांमागे गाभा उघडा ठेवायचा का? उजेड हवा तर हो, पण मग छत फक्त दारांजवळच्या खांबांवर उभं राहतं. पहिल्या गाडीला काळ्या गाभ्यावर पारदर्शक काळ्या टाइल लावा. बोगद्यातल्या खिडकीला तो अंधार शोभतो.

डब्याची जमीन दोन थरांची, आणि सांधे एकावर एक येता कामा नयेत. खालचा थर ६×२४, ६×२४ आणि २×६. वरचा २×६ आणि मग तीन ६×१६. खालचे सांधे २४ आणि ४८व्या स्टडवर, वरचे २, १८ आणि ३४वर. सांधे एका रेषेत आले की पन्नास स्टडचा डबा काही आठवड्यांत मध्ये झुकतो आणि दारांच्या रेघा वाकड्या दिसू लागतात. जमिनीची पातळी मात्र पुस्तकी आकड्यावर ठरवू नका. चाकं, बोगीची (डब्याखालच्या फिरत्या चाकगाड्याची) प्लेट आणि तिला फिरू देणारं टर्नटेबल जोडा, रुळावर ठेवा, पट्टीने मोजा. लेगोची बोगी ट्यूबसाठी उंचच आहे. बोगीच्या जागी कवचाचा खालचा एक स्टड काढून टाका, नाहीतर वळणावर चाक कवचाला घासेल आणि गाडी अडखळेल. मग लोक मोटरला दोष देतात.

मोटर केबिनच्या डब्यात, तिला वीज आणि हुकूम देणारा हब आणि त्याच्या सहा ट्रिपल-ए बॅटऱ्याही तिथेच, कारण वायर लांब पोचत नाही. पॉवर्ड अप या लेगोच्या मोटर-संचातल्या हबला दोन पोर्ट असतात. तीन डबे जड वाटले तर दुसरी मोटर त्याच डब्याखाली घाला. दोन्ही मोटरी एकमेकींकडे तोंड करून बसल्या असतील तर एकीची दिशा उलटी करायला विसरू नका.

आता वळण. लेगोचं नेहमीचं वळण ४० स्टड त्रिज्येचं, ३२० मिमी. पन्नास स्टडचा डबा, बोग्यांच्या मध्यांत ३० स्टड अंतर. त्या वळणावर डब्याचं पोट २३ मिमी आत येतं आणि कोपरा बाहेर झेपावतो. रुळाच्या मध्यापासून आत ५४ आणि बाहेर ६३ मिमी मोकळे लागतात, मिळून ११७. खऱ्या बोगद्याचा व्यास आपल्या प्रमाणात ८२ मिमी. म्हणजे नेमका बोगदा हवा असेल तर तो फक्त सरळ रुळावर, वळणं उघड्यावर. इतर कंपन्या १०४ स्टड त्रिज्येची वळणं विकतात, त्यांवर हीच गरज ८४ मिमी होते. बारा स्टडचा बोगदा पुरतो, पण पूर्ण गोलाला पावणेदोन मीटर जागा लागते. दिवाणखान्यात ती काढता येत असेल तर माझं मत या मोठ्या वळणाकडे. डबे जोडायचे चुंबक दोन्ही प्रकारांत बोगीलाच लावा. कवचाला लावले तर लहान वळणावर डबा रुळावरून उचलला जातो.

सगळं आधी स्टुडिओ या मोफत प्रोग्रॅममध्ये जुळवून घ्या. तो भागांची यादी काढून देतो, आणि एखादा तुकडा त्या रंगात कधी निघालाच नाही हेही तिथेच कळतं. परदेशातून सुटे भाग मागवताना पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा, आणि एकाच दुकानातून पांढरे घ्या. दोन दुकानांतले जुने पांढरे शेजारी लावले की डब्यावर पट्टे दिसतात.

तोंड आत्ता करा. गाभा सहा स्टड आणि कवच दोन-दोन प्लेट हाच नियम तिथेही, नाहीतर लाल चेहरा मागच्या अंगापेक्षा रुंद होतो. मधलं आपत्कालीन दार, दोन बाजूंच्या काचा, खाली दिवे.

आणि आपल्या गावापुरतं एक. धूळ इथे वर्षभर आहे, गाडी धुवावी लागणारच. लेगोचे तुकडे ४० अंशांपेक्षा गरम पाण्यात धुवू नयेत. नवतप्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून येतं ते बहुधा त्याहून गरम असतं. सकाळी सहाला बादली भरून ठेवा. स्टिकर, मोटर आणि हब त्यात जाऊ देऊ नका. धुतलेले भाग गच्चीवर न वाळवता पंख्याखाली जुन्या चादरीवर पसरा, आणि १५०६८चे पोकळ पोट खाली करून ठेवा, त्यात पाणी साचतं.